बाबांचा अॅम्प्लिफायर, माझा डॅक आणि एक चुकलेला रिसर्च प्रॉब्लेम



पीएच.डी.ची तयारी करणाऱ्या बऱ्याच जणांचा एक प्रश्न असतो. रिसर्च मेथडॉलॉजीच्या पेपरात व्हेरिएबल, कंट्रोल, ब्लाइंडिंग, सॅम्पल साइज हे सगळं पाठ होतं, पण प्रत्यक्षात ते कुठे वापरायचं? आज मी एक घरगुती उदाहरण घेणार आहे. घरातल्या जुन्या हाय-फाय सिस्टिमवर इंटरनेटवरचं गाणं वाजवायचं असेल तर कोणतं यंत्र घ्यावं, हा प्रश्न मला दोन वर्षांपूर्वी पडला होता. त्यात मी पैसे घालवले, चुकले आणि त्या चुकीमुळे माझ्या थीसिसमधली एक चूक वेळेत सापडली. त्यामुळे लेख वरवर गाण्याबद्दल असला तरी शेवटपर्यंत वाचा.

सुरुवात कशी झाली

बाबांकडे नव्वदच्या दशकातला एक अॅम्प्लिफायर आणि दोन मोठे स्पीकर आहेत. त्याला जोडलेला कॅसेट डेक बंद पडला, पट्टा मिळेना, आणि घरातलं गाणं बंद झालं. बाबा निवृत्त झालेले. सकाळी चहाबरोबर अभंग किंवा नाट्यगीत ऐकायची त्यांची सवय मोडली. मी त्यांना म्हटलं, "बाबा, आता सगळं स्ट्रीमिंगवर असतं, मी व्यवस्था करते."

मग मी वाचायला लागले. आठवडाभर वाचून माझ्या वहीत प्रश्न लिहिलेला होता: "कोणता डॅक सर्वात चांगला?" डॅक म्हणजे डिजिटल-टू-अॅनलॉग कन्व्हर्टर, आकड्यांचं रूपांतर विजेच्या सिग्नलमध्ये करणारा भाग. फेलोशिपचे पैसे नुकतेच जमा झाले होते. जवळजवळ निम्म्या महिन्याच्या रकमेचा एक डॅक घेतला, लॅपटॉपला जोडला, ऐकला आणि मला खरंच वाटलं की तानपुरा किती मोकळा वाजतोय! बाबा म्हणाले, "छान आहे." दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र गाणं लागलं नाही, कारण लॅपटॉप माझ्याबरोबर लॅबमध्ये होता.

इथेच पहिली चूक लक्षात घ्या. मी उपकरणाचा प्रश्न विचारला होता. वापरणाऱ्याचा प्रश्न विचारलाच नव्हता.

आधी साखळी काढा

कुठलंही उपकरण निवडण्याआधी पूर्ण सिस्टिमचा ब्लॉक डायग्राम काढा. इथे तो असा आहे:

गाण्याची फाइल किंवा सेवा → स्ट्रीमर (नेटवर्कवरून डेटा घेणारा) → डॅक → अॅम्प्लिफायर → स्पीकर → खोली → कान.

आता प्रत्येक टप्प्यावर विचारा की इथे किती बिघाड होऊ शकतो. बऱ्यापैकी डॅकमधलं विरूपण ०.०१ टक्क्याच्या खाली असतं. स्पीकर मात्र मोठ्या आवाजात, खर्जाच्या बाजूला, सहज १ टक्क्याच्या आसपास जातो. खोलीच्या भिंतींमुळे काही खालच्या फ्रिक्वेन्सी फुगतात तर काही दबतात, आणि हा फरक अनेक डेसिबलचा असतो. म्हणजे एकूण त्रुटीत सर्वात मोठा वाटा स्पीकर आणि खोलीचा, आणि मी पैसे घातले सर्वात लहान वाट्यावर. प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये आपण एरर अॅनालिसिस करतो ना, अगदी तेच. मोठी एरर तशीच ठेवून लहान एरर आणखी लहान करण्यात अर्थ नसतो.

आमच्याकडे एक स्पीकर शोकेसवर होता आणि दुसरा दाराच्या कोपऱ्यात. दोन्ही एका उंचीवर, भिंतीपासून थोडे पुढे आणले, बाबांची खुर्ची आणि दोन स्पीकर असा साधारण समभुज त्रिकोण केला, समोर सतरंजी टाकली. खर्च शून्य. त्या दिवशी बाबा पहिल्यांदा आपणहून म्हणाले, "तबला आता मधोमध ऐकू येतोय."

लिटरेचर रिव्ह्यू: आकडे काय सांगतात

जाहिरातीत "२४ बिट, १९२ किलोहर्ट्झ" असं लिहिलेलं असतं. याचा अर्थ समजून घेऊ.

आवाजाची लहर सेकंदाला किती वेळा मोजली, तो सॅम्पलिंग रेट. प्रत्येक मोजमाप किती बारीक, ती बिटची संख्या. १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीचा रेट आहे ४४,१०० आणि बिट १६. दोन चॅनेल धरले तर ४४,१०० × १६ × २ = १४,११,२०० बिट दर सेकंदाला. २४ बिट, १९२ किलोहर्ट्झला हाच आकडा ९२,१६,००० होतो, म्हणजे साडेसहापट डेटा. मग आवाज साडेसहापट चांगला का? नाही.

क्लॉड शॅननने १९४९च्या आपल्या पेपरमध्ये सॅम्पलिंग थिअरम मांडला. सिग्नलमधल्या सर्वात वरच्या फ्रिक्वेन्सीच्या दुपटीहून जास्त वेगाने सॅम्पल घेतले, तर मूळ सिग्नल पूर्णपणे परत मिळवता येतो. "जवळपास" मिळतो असं थिअरम म्हणत नाही, पूर्णपणे मिळतो असं म्हणतो. माणसाची श्रवणमर्यादा साधारण २०,००० हर्ट्झ, तीही तरुणपणी. वयाबरोबर वरचा भाग कमी होत जातो. त्यामुळे ४४,१०० पुरेसा आहे. डिजिटल आवाज पायऱ्यापायऱ्यांचा असतो हा गैरसमज आकृत्यांमुळे पसरलेला आहे. डॅकमधल्या फिल्टरनंतर बाहेर येणारी लहर गुळगुळीतच असते.

बिटचंही तसंच. १६ बिट म्हणजे ६५,५३६ पातळ्या. सर्वात मोठ्या आणि सर्वात लहान आवाजातलं अंतर साधारण ९६ डेसिबल. आपल्या शांत खोलीतही पंखा, रस्ता, शेजाऱ्यांचा कुकर धरून ३० डेसिबलच्या वर आवाज असतो. २४ बिटचा खरा फायदा रेकॉर्डिंग करताना होतो, आणि आवाज सॉफ्टवेअरमधून कमी करायचा असेल तेव्हा होतो. ऐकायला १६ बिट पुरतात.

आणि मूळ रेकॉर्डिंग काय दर्जाचं आहे तेही बघा. गौहर जान यांचं १९०२ सालचं ध्वनिमुद्रण कर्ण्यातून केलेलं होतं. त्या काळच्या तंत्रात ढोबळमानाने २५० ते २५०० हर्ट्झच्या पलीकडे फारसं काही उतरतच नसे. असं गाणं १९२ किलोहर्ट्झमध्ये घेतल्याने नसलेली माहिती येणार नाही. बाबांच्या कॅसेटचंही तेच.

आता प्रयोग काय सांगतात? मेयर आणि मोरन यांनी २००७ साली ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या जर्नलमध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. हाय-रिझोल्युशन डिस्क एकदा थेट आणि एकदा सीडीच्या दर्जाच्या साखळीतून वाजवली. ५५४ चाचण्यांमध्ये २७६ उत्तरं बरोबर आली, म्हणजे नाणं उडवल्यासारखीच. पण इथे थांबू नका. आपल्याला पटणारा पेपर मिळाला की शोध थांबवणं ही नवशिक्यांची नेहमीची सवय. २०१६ साली लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातील जोशुआ रीस यांनी अशा १८ प्रयोगांचं एकत्रित विश्लेषण केलं. त्यात बरोबर उत्तरांचं प्रमाण ५२.३ टक्के निघालं. फरक छोटा, पण संख्याशास्त्राच्या दृष्टीने अर्थपूर्ण. कान तयार केलेल्या श्रोत्यांमध्ये तो जास्त होता.

मग दोन्ही पेपरमध्ये भांडण आहे का? नाही. एक म्हणतो फरक सापडला नाही, दुसरा म्हणतो फार मोठा डेटा एकत्र केला तर थोडा सापडतो. सांख्यिकीय महत्त्व आणि व्यावहारिक महत्त्व या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुलाखतीत हा प्रश्न हमखास विचारतात, उदाहरण लक्षात ठेवा.

माझा प्रयोग आणि माझी फजिती

एवढं वाचल्यावर मला माझ्या मोकळ्या तानपुऱ्याबद्दल शंका यायला लागली. धाकट्या भावाला बसवलं. एका बाजूला नवा महागडा डॅक, दुसऱ्या बाजूला मोबाइलच्या इअरफोनसाठी मिळतो तो काही शे रुपयांचा छोटा अॅडॅप्टर, त्यातही एक डॅकच असतो. दोन्ही अॅम्प्लिफायरच्या वेगवेगळ्या इनपुटला जोडले.

पहिली पायरी म्हणजे आवाजाची पातळी सारखी करणं. थोडा मोठा आवाज आपल्याला "मोठा" वाटत नाही, "चांगला" वाटतो. मी आधी कानाने पातळी जुळवली होती. मग २०० हर्ट्झचा टोन लावून स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टिमीटर धरला. साधे मल्टिमीटर ५० हर्ट्झच्या आसपास नीट मोजतात, म्हणून टोन फार वरचा घेतला नाही. रीडिंग आलं १.५५ व्होल्ट आणि १.४२ व्होल्ट. म्हणजे नवा डॅक सुमारे पाऊण डेसिबल मोठा वाजत होता. "मोकळा" तानपुरा तो हाच!

पातळी जुळवली. मग एबीएक्स चाचणी. ए माहीत आहे, बी माहीत आहे, एक्स हा दोन्हींपैकी कोणता ते ओळखायचं. भाऊ दर वेळी नाणं उडवून इनपुट ठरवायचा आणि वहीत लिहायचा. निवडीचं बटण तो प्रत्येक वेळी पूर्ण फिरवून आणायचा, नाहीतर बटणाच्या आवाजावरून मला कळलं असतं. तो पडद्यामागे होता, कारण त्याचा चेहरा पाहूनही मला उत्तर कळू शकतं. तेच पंधरा सेकंदांचं गाणं, १६ वेळा.

निकाल: १६ पैकी ९ बरोबर.

केवळ अंदाजाने ९ किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता ४० टक्के असते. १६ पैकी १२ आले असते तर ती शक्यता ४ टक्क्यांच्या खाली गेली असती आणि मी काही दावा करू शकले असते. भाऊ हसला. मी त्या रात्री डॅकचं बिल पुन्हा काढून पाहिलं. परत करायची मुदत संपली होती.

पण एक सावधगिरी. यावरून "फरक नाही" हे सिद्ध झालं का? नाही. समजा, एखाद्याला खरोखर ७० टक्के वेळा फरक ओळखता येतो. तरीही १६ चाचण्यांत तो १२चा टप्पा जेमतेम ४५ टक्के वेळा गाठेल. म्हणजे माझ्या प्रयोगाची पॉवर कमी होती. मी एवढंच म्हणू शकते की असलाच तर फरक इतका लहान आहे की माझ्या कानाला, माझ्या खोलीत, तो भरवशाने कळला नाही. निष्कर्षाचं वाक्य असं लिहायला शिका. परीक्षक अशाच वाक्यांवर बोट ठेवतात.

थीसिसचं काय झालं

आता मुख्य गोष्ट. माझं काम पातळ फिल्म्सवर आहे. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच्या प्रतिमांवर मी हाताने रेषा ओढून कणांचा आकार मोजत होते. फाइलच्या नावातच तापमान लिहिलेलं असायचं. तापमान वाढलं की कण वाढतात, असं माझं गृहीतक. आणि माझी मोजमापं त्याला सुंदर दुजोरा देत होती.

१६ पैकी ९ आल्यानंतर दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये ती फाइल उघडली आणि पोटात गोळा आला. कोणता कण "पूर्ण" धरायचा, कोणता सोडायचा, हे मी ठरवत होते, आणि उत्तर मला आधीच माहीत होतं. गाईडना सांगायची भीती वाटत होती, कारण त्या डेटावर पेपरचा मसुदा तयार होता. दोन दिवसांनी सांगितलं. सर रागावले नाहीत. म्हणाले, "लॅबमेटला सांग, सगळ्या फाइलना आकडे दे आणि यादी स्वतःकडे ठेव. पुन्हा मोज."

तीन आठवडे गेले. कल तसाच राहिला, पण फरक जवळजवळ निम्मा झाला. पेपर उशिरा गेला. आता त्यात मेथड्सच्या भागात एक वाक्य आहे: मोजमाप करणाऱ्या व्यक्तीला नमुन्याचं तापमान माहीत नव्हतं. त्या वाक्यासाठी माझ्या डॅकचे पैसे वसूल झाले असं मी समजते.

घुंघुं आवाज आणि एका वेळी एक बदल

मध्येच एक अडचण आली होती, तुमच्याकडेही येईल म्हणून सांगते. लॅपटॉप जोडला की स्पीकरमधून सतत घुंघुं आवाज. मी केबल बदलली, सॉकेट बदललं, इनपुट बदललं, सगळं एकदम. आवाज कमी झाला, पण कशामुळे ते कळेना. मग सगळं पूर्ववत केलं आणि एका वेळी एकच गोष्ट बदलली. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवला की आवाज बंद. चार्जर लावला की सुरू. म्हणजे ग्राउंड लूप. तीन पिनी चार्जरचं अर्थिंग आणि अॅम्प्लिफायरला जोडलेल्या टीव्हीच्या केबलमधून येणारं दुसरं अर्थिंग, यांच्यात वीज फिरत होती.

उपाय म्हणजे ऑप्टिकल केबल. तिच्यातून प्रकाश जातो, वीज जात नाही, त्यामुळे लूप तुटतो. काही जण प्लगची अर्थिंगची पिनच काढून टाकतात. कृपया असं करू नका, शॉक लागून जीव जाऊ शकतो.

आणखी एक: जुन्या अॅम्प्लिफायरवर फोनो असं लिहिलेलं इनपुट असतं. ते रेकॉर्ड प्लेअरच्या अगदी क्षीण सिग्नलसाठी असतं. डॅक किंवा स्ट्रीमर तिथे लावला तर आवाज फाटका आणि प्रचंड मोठा येतो. सीडी, ऑक्स किंवा टेप लिहिलेलं इनपुट वापरा.

मग घ्यायचं काय?

पर्याय ढोबळमानाने चार आहेत.

१. ब्लूटूथ रिसीव्हर. सर्वात स्वस्त आणि सोपा. गाणं मोबाइलमधून जातं, वाटेत पुन्हा कॉम्प्रेस होतं. फोन दुसऱ्या खोलीत नेला की गाणं तुटतं, आणि कुणाचा मेसेज आला तर टिंग स्पीकरवर वाजतं. पाहुण्यांसाठी ठीक.

२. वाय-फाय स्ट्रीमर. हा स्वतः राउटरला जोडतो. बहुतेक सेवांच्या बाबतीत मोबाइल फक्त रिमोटचं काम करतो, डेटा थेट इंटरनेटवरून येतो. फोन बंद केला तरी गाणं चालू. बहुतेकांमध्ये पुरेसा चांगला डॅक आतच असतो.

३. कॉम्प्युटर आणि यूएसबी डॅक. टेबलावर बसून ऐकणाऱ्यांसाठी उत्तम. घरातल्या सगळ्यांसाठी नाही, हे माझ्या अनुभवावरून.

४. रास्पबेरी पाय आणि डॅकचं कार्ड. वोल्युमिओ किंवा मूड ऑडिओसारखं सॉफ्टवेअर टाकून स्वतः बनवायचं. शिकायला मजा येते, पण बिघडलं की दुरुस्तीला तुम्हीच.

एक निकष लोक विसरतात: हे किती वर्षं चालेल? गूगलने क्रोमकास्ट ऑडिओ २०१५ साली आणला आणि २०१९च्या सुरुवातीला बंद केल्याचं जाहीर झालं. लॉजिटेकने स्क्वीझबॉक्स २०१२ साली बंद केला, पण त्याचं सर्व्हर सॉफ्टवेअर ओपन सोर्स असल्यामुळे लोक ते आजही चालवतात. म्हणून एकाच अॅपवर पूर्ण अवलंबून असलेलं यंत्र टाळा. स्वतःची गाणी फ्लॅकसारख्या खुल्या फॉरमॅटमध्ये ठेवा. फ्लॅक फाइल लहान करतो, पण माहिती गमावत नाही. थीसिसच्या डेटाबद्दलही हीच सवय लावून घ्या. ज्या सॉफ्टवेअरचं लायसन्स विद्यापीठ सोडल्यावर संपणार आहे, त्याच्या फॉरमॅटमध्ये पाच वर्षांचं काम अडकवू नका.

शेवटी काय घेतलं

मी बाबांशेजारी बसले आणि पहिल्यांदा विचारलं, "बाबा, तुम्हाला नक्की काय हवंय?"

ते म्हणाले, "मला तो मोबाइल नको. सकाळी बटण दाबलं की गाणं लागलं पाहिजे. आणि माझ्या कॅसेट त्यात आल्या तर बघ."

हा खरा रिसर्च प्रॉब्लेम होता. उत्तर सोपं निघालं: प्रीसेट बटणांचा रिमोट असलेला एक साधा वाय-फाय स्ट्रीमर, महागड्या डॅकच्या निम्म्याहून कमी किमतीचा. एका बटणावर आकाशवाणीची रागम वाहिनी, दुसऱ्यावर अभंग, तिसऱ्यावर नाट्यगीतं, चौथ्यावर त्यांच्या कॅसेट. एका मित्राचा चालू डेक आणून त्या कॅसेट मी रविवारी रविवारी रेकॉर्ड करून फ्लॅकमध्ये घेतल्या. एका कॅसेटच्या शेवटी आजीचा आवाज निघाला, कुणाला तरी चहाला बोलावत असलेला. कोणत्याही स्पेसिफिकेशनमध्ये हे लिहिलेलं नसतं.

तुमच्यासाठी थोडक्यात यादी:

- यंत्र बघण्याआधी वापरणाऱ्याला प्रश्न विचारा.
- पूर्ण साखळी काढा, सर्वात मोठी त्रुटी आधी दुरुस्त करा.
- वाचताना आपल्या मताच्या विरुद्धचा एक तरी पेपर शोधा.
- तुलना करण्याआधी पातळी जुळवा, आणि कोणता नमुना कोणता हे स्वतःपासून लपवा.
- एका वेळी एकच बदल करा.
- "फरक नाही" आणि "फरक सापडला नाही" ही दोन वेगळी वाक्यं आहेत.

महागडा डॅक आता माझ्या होस्टेलच्या टेबलावर असतो, हेडफोनला जोडलेला. छान वाजतो. शेजारच्या स्वस्त अॅडॅप्टरइतकाच, निदान माझ्या कानांना.

तुम्ही सध्या ज्या विषयावर सिनॉप्सिस लिहिताय, त्यातलं कोणतं मोजमाप करताना उत्तर तुम्हाला आधीच माहीत असेल, ते एकदा कागदावर लिहून बघा. पुढच्या लेखात पायलट स्टडी कशी आखायची ते पाहू.